इंजिनाची भूक

आमच्या मराठवाड्यात 'इंजिन' म्हटलं की जुन्या माणसांना दोनच गोष्टी आठवतात. एक रेल्वेचं आणि दुसरं विहिरीवरचं. नाव एकच, पण एकाला कोळसा लागायचा आणि दुसऱ्याला डिझेल. का बरं?

1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रेल्वे सुरू झाली. 1911 मध्ये ती लातूरला पोचली. नांदेडला निजामाची मीटरगेज 1900 च्या सुमारास आली. सगळी वाफेची इंजिनं. त्यांत आग सिलिंडरच्या बाहेर, भट्टीत असते, आणि तिचं काम एवढंच की पाणी उकळायचं. त्यामुळे कोळसा द्या, लाकूड द्या, तेल द्या, योग्य भट्टी असली की झालं. निजामाच्या गाड्यांना तर राज्यातल्याच सिंगरेणीचा कोळसा मिळे. पण शंभर भाग उष्णतेतले जेमतेम पाच-सात भाग चाकाला मिळत, आणि वाटेत सारखं पाणी भरावं लागे. तेही आपल्या मुलखात!

गंमत म्हणजे त्याच 1897 मध्ये जर्मनीत रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी यशस्वी झाली. इथे आग सिलिंडरच्या आतच. नुसती हवा पंधरा-वीस पट दाबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, मग तेलाचा फवारा. ठिणगी नाहीच! म्हणून तापलेल्या हवेत चटकन आपोआप पेटणारं तेल हवं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात असं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरही चालवून दाखवलं होतं.

पेट्रोलच्या इंजिनाचं नेमकं उलटं. हवा आणि पेट्रोलची वाफ आधीच मिसळून दाबायची, आणि ठिणगी पडेपर्यंत ती पेटता कामा नये. म्हणजे एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं की गाडी खडखडते ती याचमुळे. पेट्रोलवर सुरू करून, गरम झाल्यावर रॉकेलवर चालवायचे पंप होते ना, त्यांची इंजिनं मुद्दाम कमी दाबाची ठेवलेली असत.

थोडक्यात, काहीही खाणारं इंजिन कमी काम देतं, आणि निवडून खाणारं जास्त. पण मग ते 'निवडलेलं' कुठून येतं, हा प्रश्न उरतोच. सिंगरेणी घरची होती. आज डिझेलचं कच्चं तेल बहुतांशी परदेशातून येतं, आणि तिकडे भाव चढला की झळ विहिरीवरच्या इंजिनालाही लागते.

एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलेलं असताना मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. ओढायला डिझेलचं इंजिन होतं. वाफेचं असतं तर त्यालाच आधी पाणी पाजावं लागलं असतं!

असो. पंपावर हिरवी नळी का काळी, हे विचारतात तेव्हा त्यामागे एवढं सगळं असतं.