कंदिलाची काच

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास बारामती व इंदापूर या तालुक्यांत खेळूं लागलें, आणि जेथें पूर्वीं जोंधळा-बाजरीवर समाधान मानावें लागे तेथें उंसाचे मळे उभे राहिले. उंसामागून गुऱ्हाळें आलीं. हंगामांत गुऱ्हाळाला दिवस नाहीं आणि रात्र नाहीं. चरक फिरत असतो, चुलवाणांत चिपाडें पडत असतात आणि काहिलीच्या कडेला गुळव्या उभा असतो. पाक केव्हां उतरावयाचा हें त्याला कोणत्याहि पुस्तकानें सांगितलेलें नसतें. उकळीचा रंग, फेंसाचा आकार आणि बोटांत धरलेल्या थेंबाची तार, एवढ्यावर त्याचा निवाडा होतो. क्षण चुकला कीं साऱ्या काहिलीचा गूळ बिघडला. रात्रीच्या या कामावर उजेड पडे तो कंदिलाचा. आणि कंदिलाची काच, विसाव्या शतकाच्या आरंभीं तरी, बहुधा ऑस्ट्रिया-जर्मनीकडून आलेली असे. पुढें जपानची येऊं लागली.

ती काच ज्यानें घडविली त्याचें कामहि गुळव्याच्या जातीचेंच. त्याच्यापुढेंहि भट्टी असते, भट्टींत काकवीसारखा दाट रस असतो, आणि तो नेमका कधीं उचलावा हें सांगणारें साधन म्हणजे त्याचा स्वतःचा डोळा. असें असतां एकाच बाजारांत गूळ गांवचा आणि काच सातासमुद्रांपलीकडची, असें कां व्हावें? या प्रश्नाचा उलगडा करण्याचा एक मोठा प्रयत्न त्याच पुणें जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मावळांतील तळेगांव दाभाडे येथें, १९०८ सालीं सुरू झाला.

प्रथम सामानाचा विचार. साधी काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना. वाळू एकटी वितळवावयाची तर १७०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास उष्णता लागते. सोडा मिसळला म्हणजे ती पुष्कळ खालीं वितळते. आणि चुन्यावांचून ती काच पाण्यांत विरघळूं लागते. यांतलें दख्खनला काय मिळालें आहे? नद्यांची वाळू काळ्या पाषाणाची, लोहानें भरलेली. तिची काच हिरवट-काळपट उतरते. बाटलीला ती चालेल, दिव्याला चालणार नाहीं. हिंदुस्थानांत काचेच्या वाळूसाठीं नांव झालें तें अलाहाबादेजवळच्या लोहगरा व बारगड येथील पांढऱ्या वाळूचें. सोड्याची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. कालव्यानें बारामतीकडे ऊंस आणला तसाच खारहि आणला. पाण्याचा निचरा न झालेल्या सखल जमिनींवर पांढरा थर फुलूं लागला आणि चांगलीं शेतें चोपण होऊन पडलीं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील या खारवट जमिनींवर १९१० सालीं एक स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. हे खार बव्हंशीं सोडियमचे. फिरोजाबादेकडचे जुने कारागीर अशाच खारी मातींतून बांगड्यांची काच काढीत आले होते. परंतु तो अनेक क्षारांचा मिश्र माल. स्वच्छ काचेला लागणारा शुद्ध सोडा नव्हे. ज्या वस्तूनें शेतकऱ्याची जमीन बुडविली तीच वस्तु शुद्ध स्वरूपांत कारखानदाराला परदेशांतून विकत आणावी लागे.

वाळू दूरची, सोडा परका, दगडी कोळसाहि बंगाल-बिहारकडचा. तेव्हां महाराष्ट्रांत काचेचा धंदा उभा राहावयाचा तर तो मालाच्या जोरावर राहणार नव्हता. हाताच्या आणि फुंकरेच्या जोरावरच राहणार होता.

फुंकर मात्र आपल्याकडे रुजलेली नव्हती. काच हिंदुस्थानाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. पैठण, तेर, नेवासें येथील उत्खननांत काचेचे मणी व बांगड्या सांपडल्या आहेत. पण मणी आणि बांगडी हीं दोन्हीं काचेचा तंतु ओढून, कांबीवर वळवून होतात. त्यांत फुंकावें लागत नाहीं. फुंकण्याची कला सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याकडे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत निघाली आणि रोमन साम्राज्यांत पसरली. आपल्याकडे ती कांहीं ठिकाणींच मुरली. गुजराथेंत कपडवंजचे कारागीर काचेचे मोठे पातळ गोळे फुगवीत, आंतून त्यांना शिशाचा मुलामा देत आणि ते फोडून भरतकामाचीं आरशांचीं भिंगें काढीत. कला ही खरीच. पण तिच्यांतून कंदिलाची काच निघत नव्हती.

युरोपांत हें ज्ञान घराण्यांत आणि भिंतींत कोंडून ठेवण्याची चाल होती. व्हेनिसच्या राज्यानें १२९१ सालीं काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर नेल्या. आगीची भीति हें एक कारण, पण पुढें तेथील कारागिरांना विद्या घेऊन परमुलखांत जाण्याची बंदीच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालांत व उत्तर हिंदुस्थानांत जे काचेचे कारखाने निघाले त्यांना याच वृत्तीचा अनुभव आला. यंत्रें आलीं, भट्ट्या उभ्या राहिल्या, फुंकणारे परदेशांतून भारी पगारावर आणले. पण हातची विद्या मन लावून शिकविण्यांत त्या लोकांचा लाभ कोणता? ते परत गेले कीं भट्टी थंड पडे. एकामागून एक कारखाने बुडाले, आणि काचेचा धंदा या देशाला मानवत नाहीं असा समज पसरला.

या पार्श्वभूमीवर पैसा फंडाची कामगिरी पाहिली पाहिजे. दर माणशीं वर्षाला एक पैसा मागावा आणि त्या पैशांतून देशी धंद्यांना हात द्यावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्या काळीं हजार रुपये उभे करावयाचे म्हणजे चौसष्ट हजार हात पुढें यावे लागत. शहाण्या लोकांना ही कल्पना हास्यास्पद वाटली असल्यास नवल नाहीं. लोकमान्य टिळकांनीं तिला आपलें बळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांवास काचेचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते पुढें मंडालेस गेले. कारखाना चालूं राहिला. त्याची तांत्रिक धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. अलीगडकडचे हे गृहस्थ जपानांत आणि पुढें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रसंस्थेंत शिकून आले होते. एका मराठी चळवळीनें आपला पहिला कारखाना एका हिंदी भाषी तरुणाच्या हातीं निःशंकपणें सोंपविला, हेंहि नमूद करण्यासारखें आहे. आणखी महत्त्वाचें म्हणजे हा नुसता कारखाना नव्हता, शाळाहि होती. येथें मुलें भट्टीपुढें उभीं राहून शिकत.

तीं काय शिकत? हत्यारें मोजकींच आहेत. मुख्य हत्यार म्हणजे लोखंडी फुंकनळी. घरोघर चुलीपाशीं असते त्या फुंकणीचीच ही थोरली बहीण. चार-पांच फूट लांब, काच उचलण्याच्या टोंकाला किंचित् जाड. तिच्या जोडीला एक भरीव लोखंडी कांब. फुगविलेल्या वस्तूच्या बुडाला ती चिकटविली म्हणजे नळी सोडवून तोंडाकडचें काम करतां येतें. लोळविण्यासाठीं गुळगुळीत लोखंडी पाट, आकार देण्यासाठीं लांब पात्यांचा चिमटा, मऊ काच कापावयाची कात्री, आणि पाण्यांत भिजत ठेवलेले लांकडाचे खोलगट ठोकळे. ओल्या लांकडावर तापलेली काच टेंकली कीं मध्यें वाफेचा पातळ पदर तयार होतो, त्यावर काच घसरते आणि लांकूड जळून जात नाहीं. हा चमत्कार पहिल्यानें पाहणाराला खोटा वाटतो.

काच शिजते ती आगमातीच्या मोठ्या मुशींत, सुमारें १४०० अंशांवर. शिजलेली काच लगेच उचलीत नाहींत. ती पाण्यासारखी पातळ असते. भट्टी जराशी उतरवून तिला मधासारखा दाटपणा येऊं द्यावा लागतो. मग एक जण नळीचें टोंक तापवून मुशींत घालतो आणि ती फिरवीत फिरवीत काचेचा गोळा उचलतो. नळी थंड असेल तर काच धरत नाहीं, फाजील तापली तर गोळा निसटतो. गोळा नेमका तेवढाच आला पाहिजे. चिमणीमागून चिमणी एकाच जाडीची निघते ती या उचलणाऱ्याच्या मनगटामुळें. नळीचें फिरणें एका क्षणापुरतेंहि थांबतां कामा नये, कारण काच नेहमीं खालीं ओघळावयास पाहते. आकार येतो तो फुंकरेपेक्षां या फिरविण्यानें अधिक.

दुसरा ती नळी घेतो, गोळा पाटावर लोळवितो आणि हलकी फुंकर घालून आंत एक लहानसा फुगा धरतो. नवशिका येथें गाल फुगवून जोर करतो आणि फसतो. जोर लागत नाहीं, धीर लागतो. फुगा कडेला पातळ झाला तर तेथेंच फुटावयाचा. म्हणून जाड भाग गरम आणि पातळ भाग निवलेला राहील अशी काळजी घ्यावी लागते, कारण गरम भाग आधीं फुगतो. नळी लोंबती धरून झोंका दिला कीं फुगा लांबतो. मग तो उघडलेल्या साच्यांत सोडतात. साच्यापाशीं एक पोऱ्या बसलेला असतो. त्यानें साचा मिटला कीं फुंकणारा नळी गोल फिरवीत फुंकतो. साच्याला आंतून कोळशाच्या पुडीचा ओलसर लेप असतो, त्यामुळें फिरणाऱ्या काचेवर साच्याच्या सांध्याची रेघ उमटत नाहीं. कंदिलाची काच साच्यांतून निघते ती दोन्ही तोंडें मिटलेल्या भोपळ्यासारखी. तीं तोंडें मागाहून बारीक ज्योतीच्या रेषेनें तडकवून उडवितात आणि धार जाळावर गोल करतात.

या सर्वांवर मुख्य कारागिराची नजर असते. हीं चार-पांच माणसें एकमेकांशीं फारसें बोलत नाहींत. एकाचा हात संपतो तेथें दुसऱ्याचा सुरू होतो. गुऱ्हाळावर गुळव्या, चुलवाणावरचा माणूस आणि चरकावरचा माणूस यांची जशी लय जमते तशीच ही. त्यांतला एक बिघडला कीं साऱ्यांची मजुरी बुडते.

शेवटचा मनुष्य मात्र ग्राहकाला कधींच आठवत नाहीं. तो तयार काच उचलून निवविण्याच्या भट्टींत नेतो. तेथें ती तासन्तास सावकाश थंड होते. उघड्यावर निवली तर वरचा पदर आधीं आंवळतो, आंतला मागाहून आंवळूं पाहतो, आणि काचेच्या अंगांत न दिसणारा ताण राहून जातो. अशी काच दुकानांत निर्दोष दिसते आणि घरीं दिवा लावल्यावर पहिल्याच रात्रीं तडकते. स्वदेशी काचेविषयीं ज्या तक्रारी होत त्यांतल्या पुष्कळ तक्रारींचें मूळ फुंकणाऱ्याच्या कसबांत नसून या भट्टीवरच्या घाईंत असलें पाहिजे.

या विद्येची किंमत शरीरानें मोजावी लागे हेंहि सांगितलें पाहिजे. वर्षानुवर्षें पांढऱ्या जाळाकडे पाहून काचकामगारांच्या डोळ्यांत मोतीबिंदु अकालीं उतरतो. वैद्यकांत त्याला त्यांच्याच धंद्याचें नांव पडलें आहे. एकच नळी अनेकांच्या ओंठांना लागे, आणि तिच्यावाटे क्षयासारखे रोग पसरत. युरोपांत कामगारांच्या संरक्षणाचे कायदे होऊं लागले तेव्हां हीं दुःखें सरकारी नोंदींत आलीं.

तळेगांवच्या शाळेचें खरें पीक कारखान्याच्या हिशेबवहींत दिसत नाहीं. तेथें शिकलेलीं माणसें देशभरच्या काचकारखान्यांत पसरलीं. वार्ष्णेय स्वतः पुढें संयुक्त प्रांतांत गेले आणि मुरादाबाद जिल्ह्यांतील बहजोईच्या कारखान्यांत त्यांनीं खिडक्यांच्या सपाट काचेपर्यंत मजल मारली. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल एकाएकीं थांबला. त्याच वर्षीं दौंडहून बारामतीस धाकट्या मापाची आगगाडी सुरू झाली होती. गाडी आली, पण गवतांत गुंडाळून तिच्यांतून यावयाची काच दुर्मिळ झाली. ती पोकळी जपाननें भरून काढली, आणि थोडी स्वदेशी कारखान्यांनींहि. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दींत, आपला कारखाना काढला. औंधाधिपतींनीं त्यांना जागा दिली. त्या वस्तीला ओगलेवाडी नांव पडलें, आणि ओगल्यांनीं वडिलांच्या नांवानें काढलेला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोंचला. आतां कंदीलहि येथला आणि त्याची काचहि येथली.

सरकारची मदत मात्र सोड्यावर अडली. जकात मंडळानें १९३२ सालीं काचधंद्याला संरक्षण द्यावें अशी शिफारस केली. हिंदुस्थान सरकारनें ती १९३५ सालीं फेटाळली. कारण काय, तर सोडा ॲश या देशांत होत नाहीं. मुख्य कच्चा माल परदेशी असलेल्या धंद्याला संरक्षण कसलें? नीरेकांठच्या चोपण जमिनीवर तो पांढरा थर तेव्हांहि होता.

पुढें काठेवाडच्या किनाऱ्यावर मिठापूरला सोडा होऊं लागला. पण तोंवर फुंकरेचे दिवसच सरत आले होते. अमेरिकेंत ओवेन्सचें बाटल्यांचें यंत्र १९०३ पासूनच चालूं झालें होतें, आणि विजेच्या दिव्यांचे फुगे १९२६ पासून यंत्रावर वाहत्या पट्टीसारखे निघूं लागले. बारामती-इंदापुराकडे वीज आली तशी कंदिलाची काच खुंटीवरून उतरली. ओगलेवाडीचा कारखानाहि कालांतरानें बंद पडला. गांवाचें नांव राहिलें.

फुंकणारा मनुष्य मात्र पुणें जिल्ह्यांतून अगदींच गेला नाहीं. १९५० च्या जानेवारींत पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन झालें, आणि तिच्या कामाबरोबर काच फुंकणाऱ्यांचा एक विभागहि वाढला. येथें भट्टी नाहीं, मूस नाहीं. तयार काचनळी घेऊन कारागीर ती तीव्र ज्योतीवर दोन्ही हातांनीं फिरवितो. एक टोंक बंद, दुसऱ्या टोंकाला रबराची नळी, आणि नळीचें तोंड त्याच्या ओंठांत. संशोधकानें कागदावर काढलेलें, बाजारांत न मिळणारें पात्र तो त्याला घडवून देतो. फिरविणें थांबवावयाचें नाहीं आणि जोर करावयाचा नाहीं, हे दोन नियम तेथेंहि तेच आहेत.