वजन उचलण्याची विद्या: बगदाद ते पळस्पे फाटा

पनवेलच्या पुढे पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता पुण्याच्या रस्त्यापासून वेगळा होतो. पावसाळ्यात तिथून कर्नाळ्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एखादी तरी गाडी जॅकवर चढवलेली दिसते. एक चाक काढलेलं, स्टेपनी चिखलात आडवी, आणि गाडीखालून बाहेर आलेले कुणाचे तरी दोन पाय. ते पाय दिसले की मला गाडी थांबवावीशी वाटते. अनेकदा थांबवतोही. लोकांना वाटतं, मदतीला आलाय. मी आधी पाहतो ते एवढंच, की गाडीखाली टेकू लावलाय की नाही.

याला कारण आहे. माझा मामेभाऊ सतरा वर्षांचा असताना इथल्या एका गॅरेजात काम शिकत होता. एक जुनी जीप उंच जॅकवर चढवलेली होती. तिला खाली घेताना जॅकचा लोखंडी दांडा हातातून सुटला आणि उसळून जबड्यावर बसला. पोरगा वाचला, पण आजही तो उजव्या बाजूने चावू शकत नाही. घरी भेटायला येणारा प्रत्येकजण एकच म्हणायचा, ‘तकदीर में था.’ फक्त ज्यांच्याकडे माझे अब्बा पूर्वी काम शिकले होते, ते म्हातारे उस्ताद म्हणाले, ‘तकदीरला कशाला मध्ये आणता? दांडा उभा करून मग खटका पाडायचा, हे त्याला कुणी शिकवलंच नाही.’

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय. वजन उचलण्याची विद्या आपल्यापर्यंत कुठून आली आणि मध्येच कुठे तुटली, ते पाहायचं आहे.

सुरुवात बगदादपासून करावी लागेल. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने यंत्रशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रीक ग्रंथ पूर्ण स्वरूपात आज उपलब्ध नाही. तो टिकला अरबी भाषांतरामुळे, आणि हे भाषांतर केलं नवव्या शतकात कुस्ता इब्न लूका याने. या अरबी ग्रंथाचं नावच जड वस्तू उचलण्याविषयीचं आहे. रहाट, तरफ, कप्पी, पाचर आणि स्क्रू अशी पाच साधी यंत्रं त्यात सांगितली आहेत, आणि थोड्या ताकदीने मोठं ओझं कसं हलतं याचा हिशेबही आहे. पुढे युरोपला हेरॉनचं हे पुस्तक पूर्ण वाचायला मिळालं ते १८९३ साली, फ्रेंच विद्वान कारा द व्हो याने या अरबी प्रतीवरून ते छापलं तेव्हा.

इथे आपल्या मंडळींना एक सांगावंसं वाटतं. असे दाखले आले की आपण लगेच ‘मुसलमानांनी जगाला काय दिलं’ या भाषणाकडे वळतो. कुस्ता इब्न लूका मुसलमान नव्हता. तो बालबेकचा ख्रिस्ती होता. ग्रंथ ग्रीक, भाषांतरकार ख्रिस्ती, भाषा अरबी आणि आश्रय अब्बासी राजवटीचा. त्या संस्कृतीचं मोठेपण यातच आहे, की ज्ञान कुणाचं हे न विचारता तिने ते जपलं आणि पुढे दिलं. वारसा सांगायचाच असेल तर तो पुढे देण्याचा सांगावा.

आता पनवेलकडे येऊ. खाडीमुळे हे बंदर, आणि बोरघाटामुळे बाजारपेठ. गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळात, १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी घाट चढायचा तर बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवर ओझं असायचं. आता देशावरचा माल बैलगाड्यांनी थेट पनवेलला उतरू लागला आणि इथून होड्यांनी मुंबईला जाऊ लागला. १८५२ साली इथे नगरपालिका आली, ती महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत पनवेलचा नावाजलेला धंदा म्हणून गाडीची चाकं बनवण्याची नोंद आहे. म्हणजे चाक काढणं, घालणं आणि दुरुस्त करणं हे या गावाचं काम मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

बैलगाडीच्या आखाला वंगण द्यायचं तर गाडी एका बाजूने उचलावी लागते. तरफेसारखं एक मजबूत लाकूड खाली घालायचं, दोघांनी दाबायचं, तिसऱ्याने लगेच आखाखाली टेकू सारायचा, आणि मगच चाकाला हात घालायचा. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगडाची उटी असायचीच. उचलणारं साधन वेगळं आणि धरून ठेवणारं वेगळं, ही समज त्या अंगठाबहाद्दर गाडीवानांना पक्की होती. जॅक वापरण्याचा सगळा धर्म एवढ्यातच आला.

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली आणि गाड्यांची ही रहदारी आटली. पुढे मोटारींचा जमाना आला तेव्हा रस्त्याने पनवेलला पुन्हा महत्त्व दिलं. १९७३ साली वाशीचा पहिला खाडीपूल होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारी मोटार ठाणे-मुंब्र्यावरून पनवेललाच यायची. नाक्यावर पंक्चरवाले, स्प्रिंगवाले, वेल्डिंगवाले बसले. त्यांत आपल्या मोहल्ल्यातली माणसं पुष्कळ होती. शाळा सुटलेल्या पोराला उस्तादाच्या हाताखाली घालायचं, ही तेव्हाची रीत. मामेभावासारखी मुलं त्याच रितीने आली.

आणि त्यांच्या हाताखाली आली ती जीप. ही गाडी दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकेतल्या विलिज कंपनीची. भारतात ती रुजवणाऱ्या कंपनीचं पहिलं नाव आज फार थोड्यांना आठवतं: महिंद्रा अँड मोहम्मद. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत ती काढली, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल. १९४८ साली कंपनीचं नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आद्याक्षरं तीच राहिली. स्वातंत्र्यानंतर या कंपनीने सुटे भाग आणून माझगावात विलिज जीप जोडायला सुरुवात केली.

हा मोहम्मद गेला याची हळहळ करावी, की त्यांनीच १९५४ साली पाकिस्तानची संविधान सभा बरखास्त केली हे आठवून गप्प बसावं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला वाटतं, नावाच्या पाटीवरचा मोहम्मद गेला तरी गाडीखालचा मोहम्मद इथेच राहिला. त्याने पाना धरला, हात काळे केले, आणि कोकणच्या रस्त्यांवर या जीप पन्नास वर्षं चालत्या ठेवल्या. त्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.

जॅकचा इतिहास मात्र लिहिलेला आहे. १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व साधं. लहान दट्ट्या दाबला की तोच दाब मोठ्या दट्ट्यावर पसरतो. मोठ्याचं क्षेत्रफळ वीसपट असेल तर जोर वीसपट होतो, पण तो सरकतो मात्र विसाव्या हिश्शाने. १८५१ साली न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने हे तत्त्व हातात धरता येईल अशा जॅकमध्ये आणलं. आज प्रत्येक ट्रकमध्ये असणारा बाटली जॅक त्याच घराण्यातला. दुसरं घराणं शेतातलं. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, ब्लूमफील्ड गावी, १९०५ पासून फिलिप हॅरा याच्या कारखान्याने उंच पट्टीचा जॅक बनवला. तिथले शेतकरी त्याने कुंपणाचे खांबही उपटत. भोकांची उभी पट्टी, तीवर दोन पिनांच्या आधारे एकेक भोक चढणारं डोकं, आणि लांब दांडा. जंगल-डोंगरात जीप नेणारे लोक आज हाच वापरतात. चार फुटी जॅकचं वजन साधारण १३ किलो भरतं.

तो वापरायचा कसा, हे मी आता उस्तादांनी सांगितलेल्या क्रमानेच लिहितो.

तेरा किलोचं लोखंड गाडीत मोकळं ठेवायचं नाही. ब्रेक लागला की ते पुढच्या माणसाच्या मानेवर येतं. बोल्टने आवळून टाका. बाहेर टांगलात तर डोक्यावर कव्हर घाला, कारण पिनांत लाल माती बसली की त्या अडकतात, आणि अडकलेली पिन ऐन वेळी दगा देते. निघण्याआधी साफ करून हलकं तेल द्या.

गाडी सपाट जागी घ्या. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये टाका, समोरच्या चाकाला दोन्हीकडून उटी लावा. नट जमिनीवर असतानाच सैल करा. जॅकचा पाय तळहाताएवढा असतो, आपल्या चिखलात तो रुततो. म्हणून जाड फळी सोबत ठेवा. नव्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या बंपरला हा जॅक चालत नाही. जीपचं लोखंडी बंपर किंवा चेसी हवी. पाट्याच्या जीपमध्ये बॉडी उचलली तरी ॲक्सल खाली लोंबत राहतो, त्यामुळे फार उंच चढवावं लागतं. आणि जितकी उंच, तितकी गाडी डुलते. ॲक्सल चेसीला पट्ट्याने बांधलात तर उंची कमी लागते.

चाक निघालं की खाली टेकू द्या. काहीच नसेल तर स्टेपनी चेसीखाली सरकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

आणि सर्वांत धोक्याची वेळ उतरवतानाची. तेव्हा गाडीचं वजन दांड्याला वर ढकलत असतं. दांडा पट्टीला चिकटवून उभा करा, मग खटका पाडा. दोन्ही हातांची पकड सोडू नका. तोंड दांड्याच्या रेषेत आणू नका. हात निसटलाच तर पकडायला जाऊ नका, मागे व्हा.

एका बदूने पैगंबरांना विचारलं होतं, की उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवून मोकळा सोडू? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असं त्यांनी सांगितल्याची हदीस आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. आपण ती वाज़मध्ये ऐकतो आणि गॅरेजात विसरतो. तिथे पोरगा जखमी झाला की तकदीर आठवते.

उस्ताद आता नाहीत. मामेभाऊ स्वतःचं छोटं गॅरेज चालवतो. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी तो त्याच्या हातात पाना देत नाही. लाकडाचा एक ठोकळा देतो, आणि स्वतःचा जबडा दाखवतो.