बंदर कार्यक्षमता
मालवाहू बंदरातून माल किती वेगाने, किती खर्चात आणि किती खात्रीने पुढे जातो, याचे मोजमाप. जहाज बंदरात आल्यापासून निघेपर्यंतचा काळ, क्रेनने तासाला हलवलेले कंटेनर आणि आवारातील मालाचा मुक्काम ही त्याची मुख्य मापे होत. धक्क्याचा वापर हे मात्र फसवे माप आहे. धक्का सतत भरलेला दिसला, की बंदर जोरात चालले आहे असे वाटते. प्रत्यक्षात जहाजे अनियमितपणे येत असल्याने वापर एका मर्यादेपलीकडे गेला, की बंदराबाहेर नांगर टाकून थांबलेल्या जहाजांची रांग झपाट्याने वाढते.

रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदर (न्हावा-शेवा) १९८९ मध्ये सुरू झाले, ते मुंबई बंदरावरील ताण कमी करण्यासाठी. तेथील अनुभव सांगतो, की क्रेन वाढवणे पुरेसे नसते. खोळंबा बहुधा कागदपत्रे, सीमाशुल्क तपासणी आणि फाटकावरील ट्रकच्या रांगेत होतो. त्यामुळे आयात माल कंटेनर फ्रेट स्टेशनला (बंदराबाहेरील कंटेनर हाताळणी व तपासणीच्या आवाराला) न नेता थेट बंदरातून आयातदाराला देण्याची सोय विशेष मोलाची ठरली. कंटेनरचा मागोवा घेणारी आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळख पटवणाऱ्या) टॅगची व्यवस्था येथे २०१६ मध्ये सुरू झाली.