बारावा फोटो

वडील गेल्यावर त्यांचा रोलायफ्लेक्स कॅमेरा माझ्याकडे आला. चामड्याच्या पेटीतून काढला, तर आकड्याच्या खिडकीत ११ दिसत होते. आत रीळ तसंच होतं. एक फोटो शिल्लक.

पहिला रोलायफ्लेक्स १९२९ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात, फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यात तयार झाला. याला दोन भिंगं : वरचं बघायला, खालचं फोटो घ्यायला. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालून काचेवर पाहायचं. तिथं डावं-उजवं उलटं दिसतं. १२० नंबरच्या रिळावर सहा सेंटिमीटरचे चौकोनी फोटो, तेही बाराच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत स्वातंत्र्याचा काळ टिपला. त्यांच्या कॅमेऱ्यांतही रोलायफ्लेक्स होता. मोजकेच फोटो हाताशी, त्यामुळे खटका दाबण्याआधी थांबावं लागे.

वडीलही थांबत. बारावा फोटो तर राखूनच ठेवत. ‘अचानक कोणी आलं तर?’ म्हणत. आम्हा मुलांना तो कंजूषपणा वाटे.

तो बारावा फोटो मी गच्चीवर आईचा घेतला. रीळ धुऊन आलं. फिल्म वीस वर्षं जुनी, सगळ्यावर राखाडी पडदा आलेला. अकराव्या फोटोत मात्र आई ओळखू आली. त्याच गच्चीवर, पापड वाळत घालताना.

दोन्ही फोटो तिला दाखवले. जुना हातात धरून ती हसली. म्हणाली, ‘पापड वाळले, पण यांचा फोटो काही होईना!’