टेल्स फ्रॉम अर्थसी (चित्रपट)

टेल्स फ्रॉम अर्थसी : जपानी अद्भुतरम्य ॲनिमेशनपट. मूळ नाव ‘गेदो सेन्की’. निर्मितिसंस्था स्टुडिओ जिब्ली. दिग्दर्शक गोरो मियाझाकी. निर्माते तोशिओ सुझुकी. संगीत तामिया तेराशिमा. जपानमधील प्रदर्शन २९ जुलै २००६. लांबी ११५ मिनिटे. अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ या कादंबरीमालेवर आधारित. तिकीटबारीवर यशस्वी ठरूनही जिब्लीच्या सर्वांत निराशाजनक चित्रपटांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी : ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटामुळे जगभर ख्याती मिळवलेले हायाओ मियाझाकी हे गोरो यांचे वडील. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी या मालेवर चित्रपट काढण्याची परवानगी मागितली होती. तेव्हा त्यांचे काम ठाऊक नसल्याने ले ग्विन यांनी नकार दिला. पुढे ‘माय नेबर तोतोरो’ पाहून त्यांचे मत पालटले. मात्र परवानगी मिळाली तेव्हा हायाओ ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मध्ये गुंतले होते. सुझुकी यांनी दिग्दर्शन गोरो यांच्याकडे सोपवले. गोरो मूळचे उद्यानरचनाकार. मिताका येथील जिब्ली संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, पण चित्रपटाचा अनुभव त्यांना नव्हता. वडिलांचा या निवडीला उघड विरोध होता आणि निर्मितीच्या काळात दोघांत अबोला होता.

कथानक : जगाचा समतोल ढळला आहे, पिके करपतात, गुरे मरतात, जादूगारांची विद्या क्षीण होते. एनलाडचा राजपुत्र आरेन वडिलांचा, म्हणजे राजाचा, खून करून त्यांची तलवार घेऊन पळतो. वाटेत महाजादूगार गेद त्याला आधार देतो. तेनार या जुन्या मैत्रिणीच्या शेतघरी दोघे राहतात. तिथे भाजल्याचा व्रण चेहऱ्यावर असलेली, आईबापांनी टाकलेली तेरू भेटते. मृत्यूवर मात करू पाहणारा जादूगार कॉब आरेनला नादी लावतो. अखेरीस तेरू ड्रॅगनच्या रूपात प्रकटून कॉबचा नाश करते आणि आरेन केलेल्या अपराधाला सामोरा जाण्यासाठी मायदेशी निघतो.

मूळ साहित्याशी संबंध : इंग्रजी शीर्षक मालेतील २००१ च्या कथासंग्रहाचे असले, तरी कथानक मुख्यतः ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) या तिसऱ्या पुस्तकाचे आहे. तेनारचे घर व तेरू ‘तेहानू’तून (१९९०), तर माणसामागे लागणारी सावली पहिल्या पुस्तकातून आली. हायाओ यांच्या ‘शुनाचा प्रवास’ (१९८३) या चित्रकथेचाही आधार घेतला आहे. पितृहत्या मात्र मूळ कादंबरीत नाही. तिथे आरेनला वडीलच गेदकडे पाठवतात.

प्रतिसाद : जपानमध्ये चित्रपटाने सुमारे ७.६५ अब्ज येन मिळवले. त्या वर्षी तिथे सर्वाधिक कमाई करणारा जपानी चित्रपट तोच होता. तरीही ‘बुनशुन किइचिगो’ या उपहासात्मक पुरस्कारांत तो सर्वांत वाईट चित्रपट ठरला. पार्श्वचित्रांची भव्यता आणि तेरूला आवाज देणाऱ्या आओइ तेशिमा यांचे गाणे यांची प्रशंसा झाली; संथ गती, लांबलेले संवाद आणि विस्कळीत मांडणी यांवर टीका झाली.

ले ग्विन यांनी काही दृश्यांचे सौंदर्य मान्य केले, पण दोन मूलभूत आक्षेप नोंदवले. पितृहत्येला कारणच दिलेले नाही. आणि त्यांच्या कथांत माणसाच्या आत असणारे दुरित इथे एका खलनायकात घालून त्याला मारले की प्रश्न सुटतो. दुसरा आक्षेप चित्रपटाच्या वर्मावर बोट ठेवतो. पहिल्या पुस्तकातील गेद सावलीला स्वतःचाच अंश म्हणून स्वीकारतो, तेव्हा ती कथा पूर्ण होते. चित्रपटात ती सावली आरेनला दिली, पण शेवट कॉबशी झालेल्या झुंजीने केला. त्यामुळे वडिलांवर शस्त्र उचलणाऱ्या मुलाच्या मनाचा उलगडा होतच नाही.

या मालेच्या पडद्यावरील रूपांतराचे अमेरिकेतील हक्क आधीच एका दूरचित्रवाणी वाहिनीकडे गेल्याने तिथे चित्रपट २०१० मध्ये पोहोचला. गोरो यांचा पुढचा चित्रपट ‘फ्रॉम अप ऑन पॉपी हिल’ (२०११) हायाओ यांच्या सहलेखनातील पटकथेवर झाला व तो समीक्षकांनी वाखाणला.