नेल्सन, रिकी

(८ मे १९४०–३१ डिसेंबर १९८५). अमेरिकन गायक, गीतकार आणि चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेता. पूर्ण नाव एरिक हिल्यर्ड नेल्सन. ‘किशोरवयीनांचे आराध्यदैवत’ (टीन आयडल) ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या कलावंतांच्या संदर्भात रूढ झाली, त्यांत त्याचे नाव अग्रभागी येते. दूरचित्रवाणीने घडविलेला पहिला मोठा लोकप्रिय गायक म्हणून त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

त्याचा जन्म न्यू जर्सी राज्यातील टीनेक येथे झाला. वडील ऑझी नेल्सन हे नृत्यसंगीताच्या एका प्रसिद्ध वाद्यवृंदाचे प्रमुख, तर आई हॅरिएट हिल्यर्ड ही त्याच वाद्यवृंदातील गायिका व चित्रपट अभिनेत्री होती. १९४४ मध्ये या दांपत्याने ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ ऑझी अँड हॅरिएट’ ही विनोदी कौटुंबिक श्रुतिकामाला नभोवाणीवर सुरू केली. प्रारंभी त्यांच्या मुलांच्या भूमिका अन्य बालनट करीत. १९४९ पासून थोरला डेव्हिड व धाकटा रिकी हे स्वतःच त्या करू लागले. ऑक्टोबर १९५२ मध्ये ही माला दूरचित्रवाणीवर आली आणि १९६६ पर्यंत चालली. तिचे ४३५ भाग प्रक्षेपित झाले. निर्मिती, दिग्दर्शन व लेखन यांची सूत्रे मुख्यतः ऑझीच्या हाती होती. कथानके किरकोळ घरगुती प्रसंगांवर आधारलेली असत आणि पात्रांची नावे कलावंतांचीच असत. त्यामुळे नेल्सन कुटुंबाचे खरे जीवन आणि पडद्यावरील जीवन यांतील सीमारेषा प्रेक्षकांना जाणवेनाशी झाली. बारा वर्षांचा खट्याळ रिकी तरुण होताना कोट्यवधी अमेरिकनांनी आठवड्यागणिक पाहिला. या परिचयाचा त्याच्या गायनाला पुढे मोठाच लाभ झाला. पण त्याची किंमतही त्याला द्यावी लागली.

१० एप्रिल १९५७ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात त्याने फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय गायकाचे ‘आय ॲम वॉकिन’ हे लोकप्रिय गीत गायिले. एल्व्हिस प्रेस्लीवर लुब्ध असलेल्या एका मैत्रिणीवर छाप पाडण्यासाठी तो गाऊ लागला, असे सांगितले जाते. व्हर्व्ह कंपनीने त्याची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातील ‘अ टीनेजर्स रोमान्स’ हे गीत लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी तो इंपीरियल या कंपनीकडे गेला. जानेवारी १९५८ मध्ये ‘रिकी’ ही त्याची दीर्घ ध्वनिमुद्रिका खपात अग्रस्थानी आली. त्या वेळी तो अवघा सतरा वर्षांचा होता. ‘बिलबोर्ड’ या व्यवसायपत्राने ४ ऑगस्ट १९५८ रोजी शंभर गीतांची नवी एकत्रित क्रमवारी सुरू केली, तेव्हा तिच्यात पहिला क्रमांक मिळविणारे गीत त्याचेच, ‘पुअर लिटल फूल’, होते. १९५७ ते १९६२ या काळात त्याची सुमारे तीस गीते पहिल्या चाळिसांत आली.

या यशामागे काही सामाजिक कारणे होती. महायुद्धोत्तर समृद्धीमुळे अमेरिकन किशोरांच्या हाती खर्चायला पैसा आला होता आणि ध्वनिमुद्रिकांचा तोच मोठा ग्राहकवर्ग बनला होता. तथापि प्रेस्लीच्या अंगविक्षेपांमुळे पालकवर्गात रॉक अँड रोल संगीताविषयी साशंकता होती. जानेवारी १९५७ मधील एका कार्यक्रमात तर दूरचित्रवाणीने प्रेस्लीला केवळ कमरेच्या वरच दाखविले. रिकी मात्र आपल्या आईवडिलांच्या घरात, त्यांच्या देखत गात होता. तेच संगीत त्याच्यामुळे मध्यमवर्गीय दिवाणखान्यात निर्धोकपणे शिरले. मार्च १९५८ मध्ये प्रेस्लीला सैन्यात दाखल व्हावे लागले आणि दोन वर्षे रिकीला मैदान बरेच मोकळे मिळाले. मालिकेच्या भागाअखेरीस तो नवे गीत गाई. अशी जाहिरात अन्य कोणत्याही गायकास लाभणे शक्य नव्हते.

केवळ रूप व प्रसिद्धी यांच्या बळावर पुढे आलेल्या समकालीन गायकांत त्याची गणना करणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्याच्या आवाजाचा पल्ला मर्यादित होता. पण गायन संयत, सहज व लयीला पक्के होते. रॉकाबिली, म्हणजे दक्षिणेकडील ग्रामीण संगीत व ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या संयोगातून निर्माण झालेली शैली, त्याला मनापासून प्रिय होती. लुइझियानातील जेम्स बर्टन या तरुण गिटारवादकास त्याने आपल्या साथीस घेतले. बर्टनच्या वादनाने ‘हॅलो मेरी लू’ (१९६१) यासारख्या गीतांना वेगळेच तेज आले. पुढे १९६९ पासून हाच वादक प्रेस्लीच्या साथीस होता. ‘ट्रॅव्हलिन मॅन’ (१९६१) या गीताने नेल्सनला दुसऱ्यांदा प्रथम क्रमांक मिळवून दिला. त्याच्या गायनास प्रवासदृश्यांची जोड देऊन मालिकेत सादर केलेला भाग हा संगीत–चित्रफितीचा एक आरंभीचा नमुना मानला जातो.

चित्रपटक्षेत्रात हॉवर्ड हॉक्स दिग्दर्शित ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) ही त्याची सर्वांत महत्त्वाची कामगिरी होय. जॉन वेन व डीन मार्टिन यांच्यासमवेत त्याने यात कोलोराडो या मितभाषी तरुण बंदूकबाजाची भूमिका केली. चित्रीकरण चालू असतानाच तो अठरा वर्षांचा झाला. त्याच्या अंगच्या संकोची वृत्तीचा हॉक्सने या भूमिकेसाठी चपखल उपयोग करून घेतला. ‘द वॅकिएस्ट शिप इन द आर्मी’ (१९६०) या चित्रपटात त्याने जॅक लेमनबरोबर काम केले.

एकविसाव्या वाढदिवशी त्याने ‘रिकी’ऐवजी ‘रिक’ हे नाव धारण केले. बालपणाची प्रतिमा पुसण्याचा हा प्रयत्न होता. पण श्रोत्यांच्या दृष्टीने तो रिकीच राहिला. १९६२ मध्ये त्याने गायिलेले ‘टीन एज आयडल’ हे गीत प्रसिद्धीच्या झोतातील एकाकीपणाविषयी आहे, ही बाब सूचक होय. १९६३ मध्ये त्याने क्रिस्टिन हार्मन हिच्याशी विवाह केला. त्यांना चार अपत्ये झाली. त्याच वर्षी डेक्का कंपनीशी त्याचा वीस वर्षांचा करार झाला. १९६४ च्या आरंभी ‘फॉर यू’ हे गीत पहिल्या दहांत आले. परंतु फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत दाखल झाले आणि तरुणांची अभिरुची पालटली. वयाच्या चोविसाव्या वर्षीच तो जुन्या पिढीचा गायक ठरला.

यानंतर तो कंट्री संगीताकडे वळला. १९६९ मध्ये त्याने ‘स्टोन कॅन्यन बँड’ या वाद्यवृंदाची स्थापना केली. कंट्री व रॉक यांचा मेळ घालणाऱ्या कॅलिफोर्नियातील नव्या प्रवाहात या वाद्यवृंदाला स्थान आहे. पुढे ‘ईगल्स’ या प्रसिद्ध समूहाच्या संस्थापकांपैकी एक असलेला रँडी माइझनर आरंभी याच वाद्यवृंदात होता. १५ ऑक्टोबर १९७१ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे जुन्या रॉक अँड रोल गायकांचा कार्यक्रम झाला. लांब केस राखलेला व नव्या धर्तीचा वेश केलेला नेल्सन जुन्या गीतांनंतर रोलिंग स्टोन्स या समूहाचे गीत गाऊ लागला, तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो उठली. ती त्याच्यासाठी नव्हती, मागील बाजूस चाललेल्या पोलिसी कारवाईविरुद्ध होती, असेही एक मत आहे. त्याने मात्र तो आपला अव्हेर समजून रंगमंच सोडला. या अनुभवावर त्याने स्वतः रचलेले ‘गार्डन पार्टी’ (१९७२) हे गीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. श्रोत्यांची अपेक्षा आणि कलावंताची स्वतःशी असलेली निष्ठा यांतील संघर्ष हा त्याचा विषय आहे. त्याचे हे अखेरचे मोठे यश त्याच्या अपयशातूनच निर्माण झाले.

उत्तरायुष्यात त्याने सातत्याने दौरे केले. १९८२ मध्ये त्याचा घटस्फोट झाला. ३१ डिसेंबर १९८५ रोजी अलाबामातील गंटर्सव्हिल येथून डॅलसकडे कार्यक्रमासाठी जात असता त्याच्या जुन्या डीसी–३ विमानात आग लागली. टेक्सस राज्यातील डी काल्बनजीक ते उतरविण्यात आले; परंतु नेल्सन, त्याची वाग्दत्त वधू व सहकारी मिळून सातही प्रवासी मृत्युमुखी पडले. दोघे वैमानिक तेवढे बचावले. मादक द्रव्यांमुळे आग लागल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून पसरल्या. चौकशीत मात्र त्यांना आधार मिळाला नाही. विमानाच्या उष्णतायंत्राच्या परिसरात आगीचा उगम असण्याचा संभव दिसून आला, तरी निश्चित कारण ठरविता आले नाही.

१९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. मॅथ्यू व गनर या त्याच्या जुळ्या मुलांच्या ‘नेल्सन’ या समूहाचे गीत १९९० मध्ये अमेरिकेत प्रथम क्रमांकावर आले. नेल्सनला लोकप्रियता मागावी लागली नाही; ती त्याच्या घरातच चालून आली. आपण कलावंत आहोत हे सिद्ध करण्यास मात्र त्याला उभे आयुष्य वेचावे लागले. त्याच्या पश्चात दूरचित्रवाणीने असे अनेक किशोर गायक पुढे आणले. त्यांच्या उदयास्ताचा आराखडा बहुतांशी नेल्सनच्या चरित्रातच आढळतो.