गाडीतून जळका वास येतोय? आधी वास ओळखा, मग मिस्त्रीकडे जा

मे महिना, पारा बेचाळीसच्या आसपास, गाडीत सात-आठ माणसं, एसी फुल आणि नांदेडहून लातूरला लग्नाला पोचायची घाई. लोहा मागे टाकून अहमदपूरकडे निघालं की मागच्या सीटवरून आवाज येतो, "काही जळतंय का?" बहुतेक ड्रायव्हर म्हणतात, "बाहेरचा असेल." कधी कधी ते खरंही असतं. आपल्याकडे ऊस तुटला की पाचट पेटवतात, तो धूर रस्त्यावर येतो. म्हणून आधी काचा लावा, एसीची हवा आतल्या आत फिरणाऱ्या बटणावर ठेवा आणि थोडं पुढे जाऊन बघा. वास गेला तर शेतातला होता. राहिला तर तो आपल्याच गाडीचा. मात्र धूर दिसत असेल किंवा प्लास्टिक जळाल्यासारखा वास असेल, तर ही परीक्षा घेत बसू नका, गाडी लगेच बाजूला घ्या.

जळका वास एकाच जातीचा नसतो. कागद किंवा पुठ्ठा करपल्यासारखा वास आला तर संशय क्लचप्लेटवर. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात, तिथल्या गर्दीत अर्धा क्लच दाबून गाडी सरकवत राहिलं की हा वास हमखास येतो. पाय पूर्ण काढून थोडा वेळ चालवल्यावर वास गेला तर घाबरायचं कारण नाही. पण एक्सिलेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र वेग घेत नाही, असं होत असेल तर प्लेट घसरतेय. केबलवाल्या गाडीत आधी केबलची सेटिंग तपासायला सांगा, थेट क्लच बदलायला हो म्हणू नका.

असाच तिखट वास चाकाजवळ येत असेल तर ब्रेक. हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिलाय का, हे सगळ्यात आधी बघा. उतरल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, हात लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटलाय. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतू नका, ती वाकते. आपोआप थंड होऊ द्या.

रबर जळाल्याचा वास आणि सोबत किंचाळल्यासारखा आवाज, म्हणजे पट्टा घसरतोय किंवा एसी कॉम्प्रेसर जाम होतोय. तेल करपल्याचा वास म्हणजे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून इंजिन ऑइल गरम सायलेन्सरवर पडतंय. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर सांडलेलं ऑइल जळून वास दोन-चार दिवसांत जातो. नाही गेला तर गळती समजा. पॉलिथीनची पिशवी सायलेन्सरला चिकटून जळते, तेही खालून वाकून बघावं. सडक्या अंड्यासारखा वास मात्र वेगळा: सीएनजी गाडी असेल तर गळतीची शक्यता धरून इंजिन बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, काचा उघडा आणि माचिस-सिगारेट लांब ठेवा.

गोडसर वास आणि काट्याचं लाल निशाणाकडे जाणं, हे कूलंटचं लक्षण. आपल्या भागात पाण्याची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बोअरच्या जड पाण्याने बादलीला जसा पांढरा थर बसतो, तसाच रेडिएटरमध्येही बसतो आणि इंजिन तापतं. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, चेहरा भाजतो.

आता सगळ्यात धोक्याचा वास, म्हणजे वायर आणि प्लास्टिक जळण्याचा. इथे थोडं गणित करू. मूळ हेडलाइटचा बल्ब 60 वॅटचा, बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे एका बल्बला 5 अँपिअर. हौसेने 100 वॅटचा बल्ब लावला की तोच आकडा 8 च्या वर जातो. वायर मात्र तीच, बारीक. ती तापते, वरचं आवरण वितळतं. त्यात मोठा साऊंड, डीआरएल, हॉर्न, सगळं एकाच वायरला जोडलेलं. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा बसवावा. 15 च्या जागी 30 चा टाकणं किंवा वायरचा तुकडा गुंडाळणं म्हणजे चौकीदाराला झोपवणं. अशा बाहेरच्या जोडकामामुळे विम्याचा दावाही अडू शकतो. आणि एक, आठवडाभर उभी राहिलेली गाडी असेल तर बोनेट उघडून बघा. उंदीर वायरी कुरतडतात, घरटं करतात, ते इंजिनाच्या उष्णतेने पेटू शकतं.

हा वास आला की इंजिन बंद, चावी काढा, आधी मुलं आणि बुजुर्ग खाली उतरवा, रस्त्यापासून लांब न्या. सामान नंतर. धूर नसेल तरच, 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची मायनस वायर काढा. बोनेटमधून धूर निघत असेल तर ते पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. फायर ब्रिगेड 101, नाहीतर 112. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. पावडरचा छोटा सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी ठेवावा, डिकीत नव्हे.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत सायलेन्सरमधला फिल्टर स्वतःची काजळी जाळतो, तेव्हा गरम वास येतो. हा बिघाड नव्हे. पण तेव्हा गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्यावर उभी करू नका. तसंच एसी चालू ठेवून गाडीत झोपायची सवय सोडा; सायलेन्सर फुटका असेल तर विषारी वायू आत येतो आणि त्याला वासच नसतो.

गॅरेजवर गेल्यावर नुसतं "वास येतोय" म्हणू नका. कधी येतो ते सांगा: चालू करताच की वीस मिनिटांनी, ब्रेक मारल्यावर की चढावर, एसी लावल्यावर की दिवे लावल्यावर. जुना पार्ट दाखवायला सांगा आणि बदललेल्या सामानाचं बिल घ्या.